जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर चित्रित करायच्या आहेत: आवाज, उजेड आणि बाकीची तयारी

रानजाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

माझी आत्या मुळशीतल्या एका गावात दिलेली. ती आणि तिची थोरली जाऊ, दोघींना जात्यावरच्या ओव्या तोंडपाठ आहेत. दोघीही सत्तरीच्या पुढच्या. घरात जातं अजून आहे, पण दळण गिरणीतूनच येतं. लग्नात हळद दळायची असली किंवा सणाला हौस म्हणून काढलं, तरच ते फिरतं. एकदा खुंटा हातात आला की मात्र दोघी थांबत नाहीत. एकीने ओवी टाकली की दुसरी पुढची ओढते.

हे नीट चित्रित करून यूट्यूबवर ठेवायचं आहे. नातवंडं पुणे-मुंबईत आहेत, एक टेक्सासला आहे. त्यांनी हे ऐकावं आणि शब्द कळावेत, एवढीच इच्छा. माझ्याकडे एक मध्यम किमतीचा अँड्रॉइड फोन आहे आणि नवऱ्याचा आयफोन. मागच्या वेळी गेले तेव्हा जरा नमुना म्हणून घेऊन पाहिलं. तीन अडचणी दिसल्या:

जात्याची घरघर इतकी वर आली की ओवीतले शब्द ऐकू येत नाहीत. पाठीमागे दार असल्याने दोघींचे चेहरे काळे आले. आणि ट्यूब लावली तर चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसतात.

चांगला कॅमेरा विकत घ्यावा का? थोडे पैसे बाजूला ठेवले आहेत. जाणकारांनी सांगावं.

---

कानोसा

रानजाई, कॅमेरा घेऊ नका. पैसे माइकला घाला, आणि तेही थोडेच. तुमच्याकडे आहेत ते दोन्ही फोन चित्रासाठी पुरेसे आहेत. या व्हिडिओचा जीव ओवीच्या शब्दांत आहे. चित्र थोडं भुरकट असलं तरी लोक शेवटपर्यंत बघतात. शब्द कळले नाहीत तर अर्ध्या मिनिटात निघून जातात, मग चित्र कितीही देखणं असो.

घरघर वर का आली ते आधी सांगतो, म्हणजे उपाय पटेल. फोन तुम्ही सहा-सात फुटांवर ठेवला असणार. तिथून आत्यांचं तोंड आणि जातं, दोन्ही जवळपास सारख्याच अंतरावर. शिवाय दगडाची घरघर जमिनीतूनही फोनपर्यंत पोचते. म्हणजे फोनला दोन्ही सारखंच ऐकू येतं, आणि जातं तर गळ्यापेक्षा दांडगं.

उपाय अंतराचा आहे. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो, निम्मं झालं की तेवढाच चढतो. माइक दोघींच्या तोंडापासून दीड फुटावर आणि जात्यापासून तीन फुटांवर आला, तर गळ्याला जात्यापेक्षा ६ डेसिबलची आघाडी आयती मिळते. सहा फुटांवरून दीड फुटावर आल्याने गळा मूळच्यापेक्षा १२ डेसिबलने वर येतो तो वेगळाच. खोलीचा घुमाराही त्या मानाने मागे पडतो.

अशी जागा एकच आहे, डोक्यांच्या वर, दोघींच्या मधोमध. समोरासमोर बसतात त्यामुळे हे सोपं जातं. तुळईला सुतळी बांधा आणि माइक त्यावरून खाली सोडा, चौकटीत दिसणार नाही इतपत वर. वायरचा कॉलर माइक याला उत्तम. बोया बीवाय-एम१ सारख्या माइकची वायर ६ मीटरची असते, ती तुळईवरून फिरवून भिंतीकडच्या फोनपर्यंत आरामात येते. हे माइक सगळ्या बाजूंचं सारखं ऐकतात, म्हणून मधोमध टांगले की दोघींना न्याय मिळतो. फोनला गोल भोक नसेल तर यूएसबी-सीचं अडॅप्टर लागेल. ते आधी घरी लावून तपासा, काही अडॅप्टरवर माइक चालत नाही.

साडीला कॉलर माइक लावायचा मोह होईल. लावू नका. दळताना कंबरेपासून सगळं अंग पुढेमागे होतं, पदर माइकवर घासत राहतो, आणि ती खरखर नंतर कशानेही निघत नाही.

---

वाचनमात्र

कानोसा यांना अनुमोदन. वाचनखूण साठवली आहे.

---

तिसरा_डोळा

उजेडाबद्दल लिहितो. मी लग्नं आणि जत्रा शूट करतो, त्यामुळे माजघरातला अंधार ओळखीचा आहे.

चेहरे काळे का आले ते तुम्हीच लिहिलं आहे. दार पाठीशी होतं. फोन बाहेरच्या उन्हाचा हिशेब धरतो आणि आतलं सगळं काळवंडतं. दाराकडे तोंड करून कॅमेरा लावायचाच नाही. जातं असं ठेवा की दाराचा उजेड दोघींच्या बाजूने येईल, एकीच्या डाव्या गालावर, दुसरीच्या उजव्या. कॅमेरा भिंतीच्या बाजूला. सुरकुत्या, नथ, हातातली काकणं, या सगळ्याला आडव्या उजेडात उठाव येतो. समोरून दिवा मारलात तर सगळं सपाट होईल.

आता दुसऱ्या गालावर अंधार राहील. तिकडे, चौकटीच्या बाहेर, पांढरा थर्माकोलचा तुकडा किंवा पांढरं धोतर दोरीवर ताणून उभं करा. दाराचा उजेड त्यावर आपटून परत येतो. आमच्या सेटवर आजही थर्माकोलच वापरतात.

दार कुठल्या दिशेला आहे? उत्तरेला असेल तर नशीब. आपल्याकडे वर्षातला बराच काळ सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे उत्तरेच्या दारातून थेट ऊन आत येत नाही, दिवसभर मऊ उजेड मिळतो. पुण्याच्या अक्षांशावर साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत मात्र दुपारी तो डोक्याच्या किंचित उत्तरेला सरकतो. त्यातला निम्मा काळ मुळशीत पाऊसच असतो. दार पूर्वेला असेल तर उंबऱ्यावरचं ऊन हटेपर्यंत थांबा. उन्हाचा पट्टा पिठावर पडला की पांढरं फक्क होतं आणि त्यात काहीही तपशील उरत नाही.

ट्यूब, बल्ब सगळं बंद ठेवा. ट्यूबचा उजेड निळसर, पिवळ्या बल्बचा केशरी, दारातला तिसराच. तीन रंगांचे उजेड एका चेहऱ्यावर आले की फोन गोंधळतो आणि मिनिटामिनिटाला त्वचेचा रंग बदलत राहतो. एकच उजेड ठेवा आणि व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाचं सेटिंग) ५६०० केल्विनच्या आसपास कुलूपबंद करा. फोकस आणि एक्स्पोजरही (चित्राचा उजळपणा) तसंच. चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनवर ते लॉक होतं. लॉक केल्यावर पिठाकडे बघा. ते फटफटीत दिसत असेल तर एक्स्पोजर किंचित खाली ओढा.

आणि लेन्स पुसा. दळण सुरू झालं की दहा मिनिटांत पिठाची पूड सगळीकडे असते.

---

हडसनकाठ

पट्ट्यांचं कोडं मी सोडवतो. मी न्यू जर्सीत असतो. इकडे वीज ६० हर्ट्झची, भारतात ५० हर्ट्झची, त्यामुळे सुट्टीत आलो की हा फरक लगेच दिसतो.

५० हर्ट्झवर ट्यूब किंवा स्वस्त एलईडी दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर, म्हणजे एका फ्रेमला उजेड घ्यायचा वेळ, १/६० सेकंद असेल तर प्रत्येक फ्रेममध्ये दिव्याच्या लाटेचा वेगळा तुकडा पकडला जातो आणि पट्टे सरकतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की प्रत्येक फ्रेममध्ये पुऱ्या लाटा येतात आणि पट्टे जातात. भारतात शूट करताना सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० शटर ही जोडी डोळे मिटून लावावी. हालचालही त्यात नैसर्गिक दिसते.

आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये व्हिडिओ रेकॉर्डिंगच्या पानावर पाल फॉरमॅट दाखवण्याचं बटण आहे. ते चालू केलं की २५ फ्रेमचा पर्याय दिसू लागतो. शटर हाताने ठरवायला ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे फुकट ॲप घ्या. आयफोनवर चालतं, निवडक अँड्रॉइडवरही चालतं.

तिसरा_डोळा म्हणतात तसे दिवे बंदच ठेवणार असाल तर पट्ट्यांचा प्रश्न आपोआप मिटला. पण संध्याकाळ झाली आणि दिवा लावायची वेळ आली तर हे हाताशी असू द्या.

---

पिंपळपान

एक वेगळा विचार. आजकाल सगळे उभं बघतात. रीळ, शॉर्ट्स. नातवंडांपर्यंत पोचायचं तर उभंच शूट करा ना. शॉर्ट्सची मर्यादाही ऑक्टोबर २०२४ पासून ३ मिनिटांची झाली आहे. एकेक ओवी आरामात बसेल.

---

तिसरा_डोळा

पिंपळपान, पोचण्याचा मुद्दा मान्य. पण दोन बायका समोरासमोर बसल्या आहेत आणि मध्ये जातं आहे. हे दृश्य आडवंच आहे. उभ्या चौकटीत एक तरी कापली जाणार, नाहीतर दोघी मुंग्यांएवढ्या दिसणार. आणि यातली सगळी गंमत त्या दोघींच्या मधे घडते. एक गाते तेव्हा दुसरी कशी ऐकते, खुंट्यावरचे दोन्हींचे हात एकमेकींवरून कसे सरकतात, वैरण (जात्याच्या तोंडात टाकायचं मूठभर धान्य) कोण घालतं.

मधला मार्ग आहे. आडवं आणि ४के घ्या. ३८४० बाय २१६०च्या त्या चित्रातून २१६० उंचीचा आणि १२१५ रुंदीचा उभा तुकडा सहज निघतो, आणि उभ्या व्हिडिओला १०८० बाय १९२० पुरतं. म्हणजे एकीचा चेहरा आणि खुंटा असा उभा तुकडा नंतर हवा तेवढा कापा, दर्जा कमी होत नाही. उभं शूट केलंत तर त्यातून आडवं काढता येणार नाही.

---

पिंपळपान

हे पटलं. ४के घेतलं की कापायची मोकळीक राहते, हे ध्यानात आलं नव्हतं.

---

माळावरची

मी लोकसाहित्याची विद्यार्थिनी. तांत्रिक बाजू वर छान आली आहे, मला दुसऱ्या दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली, संमतीची. ओवी ही सभेत गायची गोष्ट नव्हे. पहाटे, घरातले पुरुष झोपलेले असताना, दोन बायकांनी एकमेकींना सांगितलेलं असतं ते. त्यात भावाचं कौतुक असतं, लेकीची काळजी असते, आणि सासरी सोसलेलंही असतं. सोसलेलं सांगणाऱ्या ओव्यांत कधी खरी नावं येतात, कधी गाव येतं. यूट्यूबवर गेलं की ते सगळ्या गावाने, सगळ्या भावकीने ऐकलेलं असतं. म्हणून आधी दोघींना कल्पना द्या की हे कुठे जाणार, कोण कोण बघू शकणार. मग चित्रण झाल्यावर त्यांच्यासमोर बसून पूर्ण दाखवा आणि कुठली ओवी बाहेर जाऊ नये ते त्यांनाच ठरवू द्या. एखादी घरातच राहिली तर राहू दे. होकार कॅमेऱ्यासमोर त्यांच्याच तोंडून रेकॉर्ड करून ठेवा.

दुसरी, त्यांना थांबवू नका. "काकी, तेवढीच ओळ परत म्हणा," असं म्हटलंत की लय तुटते आणि मग त्या गाऊन दाखवू लागतात. ओवी हाताच्या फेऱ्यावर चालते. जातं न फिरवता गा म्हटलं तर पुष्कळ बायकांना शब्दच आठवत नाहीत. खरं धान्य घ्या, पुरेसं घ्या, आणि कॅमेरा लावून शांत बसा. रिकामं जातं फिरवायला लावू नका. दगडावर दगड घासतो, आवाज कर्कश होतो, आणि जात्याचंही नुकसान.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. मुळशी-मावळातल्या बायकांचा त्यात मोठा वाटा आहे. पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर हा संग्रह आता टप्प्याटप्प्याने येतो आहे, काही ओव्यांचं ध्वनिमुद्रण आणि चित्रफितीही तिथे आहेत. शूटिंगच्या आधी थोडं ऐकून जा. गाणारीचं नाव, गाव, ओवीचा विषय अशी नोंद त्यांनी प्रत्येक ओवीला केली आहे. तशीच नोंद तुम्हीही ठेवा, तेवढ्यानेच तुमच्या व्हिडिओचं मोल कितीतरी वाढेल.

---

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

माळावरची, संमतीचं तुम्ही लिहिलंत ते वाचून मी आत्याला फोन केला. ती लगेच म्हणाली, "भावाच्या घाल समद्या. बाकीच्या आधी जाऊबाईंना इचार." म्हणजे तिच्या मनात आधीच काही वेगळं काढून ठेवलेलं आहे. तुम्ही सांगितलं तसंच करणार.

तिसरा_डोळा, माजघराचं दार पूर्वेला आहे, आणि आत एकच झरोका. जातं उचलण्याजोगं आहे, ओसरीवर आणता येईल. तिथे उजेड भरपूर. आणू का? एक जण म्हणाला की पहाटेचीच वेळ धरा, तीच खरी.

---

तिसरा_डोळा

चित्राच्या दृष्टीने ओसरी. छपराखाली बसवा, अंगणातल्या उन्हापासून हातभर आत. वर सावली आणि समोर उजेडाने भरलेलं अंगण, यासारखा उजेड विकत मिळत नाही. पहाटेच्या अंधारात फोन आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) चढवतो, चित्रात रवाळ दाणे येतात आणि चेहरे मेणाचे दिसतात. पहाटेचं वातावरण हवंच असेल तर चूल, कंदील, उंबरा असे दोन-चार तुकडे वेगळे घ्या. ओव्या मात्र उजेडात.

---

कानोसा

आवाजाच्या दृष्टीने माझाही कौल ओसरीलाच आहे, पण काही अटींवर. मोकळ्यावर घुमारा जातो हा मोठा फायदा. तोटा असा की गाव ऐकू येतं. कोंबडा, कुत्रं, पाटावरची धुणी हे राहू द्या, ते त्या जागेचंच आहे. पण लांबच्या गिरणीची धडधड, ट्रॅक्टर, देवळावरचा कर्णा, हे शब्द खातात. गिरणी कधी चालू असते ते आत्यांना विचारून वेळ ठरवा. दुपारी जेवणानंतर गाव बहुतेक शांत असतं. ओसरीला पत्रे असतील तर पावसाळ्यात नादी लागू नका, मुळशीतला पाऊस पत्र्यावर पडला की शेजारचं माणूस ऐकू येत नाही. वाऱ्यासाठी माइकवर फोमची टोपी असतेच, तिच्यावर लोकरीचा तुकडा गुंडाळा.

जात्याखाली दुमडलेलं घोंगडं किंवा जाड गोणपाट घाला. जमिनीत जाणारा दणका मरतो. माइक टांगलेला असल्याने त्याला तसाही तो पोचणार नाही, पण स्टँडवरचा फोनही हलायचा थांबतो.

रेकॉर्डिंगची पातळी: सगळ्यात उंच सूर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मधे राहील अशी ठेवा. शून्याला टेकला की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही. फोनमधली आवाज आपोआप स्वच्छ करणारी सोय बंद करा. ती जात्याची घरघर गोंगाट समजून कापते आणि तिच्याबरोबर ओवीची शेवटची, खाली उतरणारी अक्षरंही नेते. आवाजाची फाइल वेव्ह, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. स्टीरिओत मिनिटाला सुमारे १७ एमबी जागा लागेल, लागू द्या.

नंतर संपादनात ८० हर्ट्झच्या खालचं कापा. बाईच्या गळ्याचा मूळ सूर साधारण १६५ हर्ट्झच्या वर असतो, त्यामुळे गळ्याला धक्का न लागता तळची गुरगुर जाते. एवढंच करा. जातं पूर्ण पुसून टाकू नका, काकणांचा आवाजही काढू नका. ती घरघर म्हणजे या गाण्याचा ठेका आहे.

आणि माझी हात जोडून विनंती आहे, मागे बासरी, तानपुरा, सतार काहीही घालू नका. आजकाल खेड्यातला कुठलाही व्हिडिओ उघडला की खाली बासरी वाजत असते. या दोघींना साथीची गरज नाही.

---

माळावरची

पार्श्वसंगीताबद्दल शंभर टक्के सहमत. त्यात आणखी एक भर. ओवी परंपरेची आहे, तिच्यावर कुणाचा हक्क नाही. पण बाजारातल्या रेकॉर्डिंगवर असतो. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतो. अभंग चारशे वर्षांपूर्वीचा असला तरी तो गाणाऱ्याचं मुद्रण नवं असतं. तसं काही मागे लावलंत तर यूट्यूब ते ओळखतं, आणि तुमच्या आत्यांच्या व्हिडिओवर दुसऱ्याच कुणाचा दावा लागतो.

---

खटपट्या

फाइलींबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो.

दोन्ही फोन वापरा. आयफोन स्थिर, स्टँडवर, दोघी आणि जातं पूर्ण दिसतील असा. स्टँड उंच नको. त्या जमिनीवर बसल्या आहेत, तर कॅमेराही त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला, म्हणजे पाटावर डबे रचून ठेवला तरी चालेल. तो शेवटपर्यंत हलवायचा नाही. अँड्रॉइडला कानोसांचा माइक जोडा, तो फक्त आवाज घेईल. तिसरा फोन कुणाकडून मिळाला तर जवळची दृश्यं घ्या, खुंट्यावरचे हात, वैरण, जात्याच्या कडेने गळणारं पीठ. ओवी चालू असताना बोटाने झूम करू नका. जवळचं हवं तर उठून जवळ जा.

दोन्ही रेकॉर्डिंग सुरू झाली की चौकटीत एक खणखणीत टाळी वाजवा. संपादनात टाळीचं चित्र आणि टाळीचा आवाज जुळवला की पुढचं सगळं जुळतं. संपतानाही एक टाळी. मोबाइल बऱ्याचदा फ्रेमचा वेग आपल्या मनाने किंचित बदलतो, त्यामुळे लांब रेकॉर्डिंगमध्ये ओठ आणि आवाज हळूहळू सुटे पडतात. शेवटच्या टाळीवरून ते लगेच कळतं. सुटे पडलेच तर हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून फाइल स्थिर फ्रेमवेगाची करून घ्या. तेही फुकट आहे. संपादनाला दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती किंवा शॉटकट.

जागेचा हिशेब: आयफोनवर ४के, ३० फ्रेमला मिनिटाला साधारण १७० एमबी लागतात. तासाला १० जीबी. २५ फ्रेमला थोडी कमी. आधी फोन रिकामा करा.

यूट्यूबला देताना एमपी४, एच.२६४. १०८०ला ८ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट), ४केला ३५ ते ४५ एमबीपीएस, असं त्यांचंच सांगणं आहे. यूट्यूब प्रत्येक फाइल पुन्हा दाबतं, त्यामुळे जितकी भरदार द्याल तितकं बरं. स्थिर कॅमेरा, शांत पार्श्वभूमी असली की दाबल्यावरही चित्र टिकतं. जेजुरीचा भंडारा उधळतानाचे व्हिडिओ आठवा, हवेत हळद उडाली की सगळ्या चित्राचे चौकोन होतात. तिथे प्रत्येक कण हलतो आणि ठरलेल्या बिटमध्ये तेवढं मावत नाही. तुमच्याकडे फक्त हात आणि जातं फिरतंय, हे तुमच्या पथ्यावर आहे. अंधारातला रवाळपणाही असाच बिट खातो, म्हणून तिसरा_डोळांचा ओसरीचा सल्ला इथेही लागू.

संपादनासाठी फाइल व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, चोळामोळा होऊन येते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जशीच्या तशी जाते. मोठी असेल तर केबलने काढा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. यूट्यूबवर चढवलं म्हणजे जपून ठेवलं असं नाही. ती दाबलेली प्रत आहे. मूळ फाइली, न कापलेल्या, दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि त्या दोन डिस्क दोन वेगळ्या घरांत. फाइलला नाव द्या: तारीख, गाव, गाणारी, क्रमांक. दहा वर्षांनी फोनने दिलेल्या आकड्यांच्या नावावरून कुणालाही काही सापडणार नाही.

---

हडसनकाठ

टेक्सासच्या नातवंडासाठी एक सुचवू का? ओवीचे शब्द खाली हवेत. इकडे वाढलेल्या मुलांना घरातलं मराठी कळतं, पण मुळशीकडची बोली आणि ओवीतले जुने शब्द त्यांच्या कानावरून जातात. माझ्या मुलीला लिहिलेलं दिसलं की ती अडलेला शब्द विचारते. नुसतं ऐकताना तो तिच्या लक्षातच येत नाही.

---

खटपट्या

बरोबर. मोठ्या व्हिडिओला सबटायटलची वेगळी एसआरटी फाइल करा, चित्रात कोरू नका. म्हणजे चूक सापडली तर नुसती फाइल बदलता येते, आणि पुढे कुणी इंग्रजी जोडलं तरी जागा राहते. फाइल युनिकोडमध्ये, यूटीएफ-८ म्हणून साठवा. शॉर्ट्समध्ये मात्र शब्द चित्रातच घाला, तिथे लोक सबटायटल चालू करायच्या भानगडीत पडत नाहीत.

चित्रात घालताना रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांत तेल घालून तपासा. काही संपादन-सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी तुटते, वेलांटी अक्षराच्या आधी यायच्या ऐवजी नंतर येते. प्रीमियर वापरत असाल तर मजकुराच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय निवडावा लागतो. टंक म्हणाल तर मुंबईच्या 'एक टाइप' या टंकसंस्थेचा 'मुक्त' किंवा नोटो सान्स देवनागरी. दोन्ही मोफत आणि छोट्या पडद्यावर स्वच्छ वाचता येतात.

---

माळावरची

शब्द उतरवताना प्रमाण मराठी करू नका. त्या जसं म्हणतात तसंच लिहा. अडलेला शब्द त्यांनाच विचारा, आणि ते विचारतानाही रेकॉर्डिंग चालू ठेवा. एका शब्दाचा अर्थ सांगता सांगता त्या कुठल्या लग्नात ही ओवी ऐकली, कुणी शिकवली, हे सगळं सांगतात. तेही तितकंच मोलाचं असतं.

---

रानजाई

माइक आणला. तिसऱ्या फोनची सोय भाच्याकडून झाली. त्याला खटपट्यांचा प्रतिसाद वाचायला दिला आहे. घरी पुस्तकांच्या मांडणीवरून माइक टांगून, खाली मिक्सर लावून नवऱ्याला बोलायला लावलं. मिक्सर चालू असताना शब्दन् शब्द कळतो! कानोसा, फार फार आभार.

आता दिवाळीनंतर जाणार. पाऊस गेलेला असेल आणि नवा तांदूळही घरात आलेला असेल. आत्या म्हणते, पीठ भाकरीचंच काढू, म्हणजे दळण वाया जाणार नाही.

शेवटचे दोन प्रश्न. मध्येच फोन आला तर रेकॉर्डिंग थांबतं का? आणि वीज गेली तर?

---

खटपट्या

काही फोनवर थांबतं. दोन्ही फोन विमान मोडवर टाका, वायफायही बंद. आणि कव्हर काढा, ४के लांब चाललं की फोन तापतो आणि मध्येच बंद पडतो. सावलीत ठेवा.

विजेवर तुमचं काहीच अवलंबून नाही, दिवे नाहीतच. फोन आदल्या रात्री पूर्ण चार्ज करा आणि पॉवर बँक जवळ असू द्या. कॉलर माइकमध्ये बटणासारखी सेल असते, एलआर४४. ती नवी घाला आणि एक जास्तीची पिशवीत टाका. गावात ती मिळेलच याची खात्री नाही.

---

कानोसा

आणि हेडफोन न्या. पहिली ओवी संपली की थोडं थांबवून ऐका, माइक खरंच चालू आहे ना ते कळेल. त्या दोघी पाणी पितील तेवढ्यात होतं.